चौऱ्याण्णव

मिलवॉकी
सोमवार, ३० मार्च २०२०

आमच्या चर्चचे डीकन लूशस टॉलिव्हर काल वारले. इमर्जन्सीतून त्यांना दोनदा घरी पाठवलं होतं. तिसऱ्यांदा जाण्याची वेळ आली नाही, घरच्या आरामखुर्चीतच गेले. आज त्यांच्या बायकोचा फोन आला.

"मिस पेटीफर्ड, मी त्यांना सांगत होते हो, यांना श्वास घेता येत नाहीये. ते विचारत होते, कधीपासून, किती वेळा, ताप किती. मी म्हटलं, रविवारपासून. ती नर्स म्हणाली, नक्की? मग मलाच नक्की वाटेना."

तिच्याजवळ लिहिलेलं काहीही नव्हतं. म्हणून मी लिहायला बसले आहे. दुसरं कारण नाही. मनातलं कागदावर सांडण्याची मला हौस नाही.

एकतीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहायचे: आधी मोजा, मग बोला. काळ्या माणसाचा शब्द हॉस्पिटलात कोणी धरत नाही, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी नव्याने कळलेलं नाही. शब्द धरत नसतील तर आकडा द्यावा. आकड्याला रंग नसतो.

चर्चच्या नर्स मंडळाची मी अध्यक्ष आहे. आम्ही चौदाजणी, त्यातली शिकलेली नर्स एकच. रविवारी पांढरे कपडे, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे घालून उभं राहायचं, कोणी प्रार्थनेत भान हरपून कोसळलं तर धरायचं, वारा घालायचा, पाणी द्यायचं. आता चर्च बंद आहे. कोसळणारे घरोघरी आहेत.

बुधवार, १ एप्रिल

क्लिनिकच्या डॉ. हॅल्व्हर्सननी चर्चसाठी बारा ऑक्सिमीटर पाठवले. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. सोबत छापील पत्रक: चौऱ्याण्णव किंवा वर, घरीच राहा. ब्याण्णव-त्र्याण्णव, क्लिनिकला फोन करा. त्याखाली, इमर्जन्सी. तरुण माणूस आहे, पण सूचना स्वच्छ लिहितो.

प्रत्येक यंत्रावर नंबर चिकटवला. ज्या घरात म्हातारी किंवा आजारी माणसं आहेत अशी बारा घरं निवडली, पायरीवर पिशवी ठेवली, दार वाजवून मागे सरले. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाने मला आकडा कळवायचा. मी मोठ्या नोंदवहीत उतरवणार. ती वही सगळ्यांची. ही माझी.

सात नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा. अर्लीन माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. अडुसष्टाव्या वर्षी ती अजून वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरी धुते. तिथे अंगावर घालायला कचऱ्याच्या पिशव्या दिल्या आहेत, डोक्यासाठी भोक पाडून. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, नाही गेले तर तुला बघत बसावं लागेल.

यंत्र दाखवल्यावर म्हणाली, "पायाची दोन बोटं डॉक्टरने नेली. आता हाताची तू मागतेस. मला नाचायला काय ठेवणार आहात तुम्ही लोक?"

पायाची बोटं शुगरने गेली. तेव्हा तिला विमा नव्हता आणि ती इन्सुलिनची एक बाटली दोन महिने पुरवत होती. नंतर कळल्यावर मी म्हटलं होतं, मला विचारायचंस. ती म्हणाली होती, "विचारलं असतं, पण सोबत भाषण आलं असतं."

तिचा आकडा ९८. माझाही ९८.

शनिवार, ४ एप्रिल

यंत्राने आज एक माणूस वाचवला. क्लीऑन बॅस्किन, माझा जुना विद्यार्थी, ट्रक चालवतो, यंत्र नंबर तीन. सकाळी ८८. तो म्हणत होता, थोडा पडतो, बरं वाटेल. मी म्हटलं, "क्लीऑन, मी तुला मत विचारलेलं नाही. गाडीत बस." तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहून त्याच्या बायकोकडे दिले. हॉस्पिटलच्या दारातच त्यांनी कागद वाचला आणि त्याला सरळ आत घेतलं.

टॉलिव्हरांच्या वेळी माझ्याकडे हे असतं तर.

मंगळवार, ७ एप्रिल

मतदान. एवढ्या मोठ्या शहरात फक्त पाच केंद्रं उघडी ठेवली. अर्लीन कामावरून दमून आली होती, झोपते म्हणाली. मी तिला उठवलं. आईला मिसिसिपीत आयुष्याची चाळीस वर्षं मत देऊ दिलं नाही, आणि आपण झोपणार.

अडीच तास रांगेत उभ्या होतो. लोक अंतर ठेवत होते, पण रांग वळायची तिथे सगळे एकमेकांच्या अंगावर यायचे.

"डेसा, मला मत द्यायचंय, मत देऊन मरायचं नाहीये."

"उभं राहून कोणी मरत नाही."

"आठ बोटांवर उभं राहून बघ एकदा."

पुढचा माणूस हसला आणि खोकला. तिने मत दिलं.

रविवार, १२ एप्रिल. ईस्टर

चर्च फोनवर झालं. पांढरे कपडे मी तरीही घातले, हातमोज्यांसकट. अर्लीन पिवळ्या झग्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, मी खालच्या. नखांना नारिंगी रंग. मधल्या पायरीवर मी तिचं ताट ठेवलं: हॅम, रताळी, कोबी, बिस्किटं.

जेवणाआधी आईची प्रार्थना. नऊ ओळींची, सगळ्या भावंडांची नावं येतात त्यात. लहानपणी ती एका दमात म्हणायची आमची शर्यत असायची. जो न अडखळता म्हणेल त्याला शेवटचं बिस्किट. अर्लीन नेहमी जिंकायची. आज मी दोन दमात म्हटली. तिने पाच घेतले, मध्ये थांबत, पायरीवर हात टेकून.

"म्हातारी झालीस," मी म्हटलं.

"नाही गं. तुला जिंकू दिलं. सणाचा दिवस आहे."

शुक्रवारपासून बारीक खोकला आहे. कामावर तिच्या पाळीतल्या दोघी आजारी आहेत, हे मला आज सांगितलं. आकडा ९६. काळजीचं कारण नाही.

मंगळवार, १४ एप्रिल

क्लीऑनच्या बायकोचा फोन. तो सुधारला आहे, उद्या घरी सोडणार. तिने एक विचित्र गोष्ट सांगितली. हॉस्पिटलात पोचल्यावर बोटावरच्या यंत्राने ८८च दाखवले, पण मनगटातून रक्त काढून तपासलं तर ७६ निघाले. मी विचार केला. बोट आणि मनगट यांच्यामध्ये त्याची प्रकृती खालावली असणार, किंवा रक्त तपासायला उशीर झाला असणार. तिथे सध्या गोंधळ आहे. चुका होणारच.

अर्लीन सकाळी ९५, संध्याकाळी ९५. ताप १०१. म्हणते, छातीवर कोणीतरी बसलंय. नखांच्या रंगाने आकडा बिघडतो असं पत्रकात लिहिलं आहे, म्हणून मास्क लावून वर गेले आणि स्पिरिटने तिचा रंग पुसून काढला. रुसली. "देहात तेवढी दहा ठिकाणं बरी दिसत होती."

रंग पुसल्यावरही ९५. म्हणजे यंत्र बरोबर आहे.

गुरुवार, १६ एप्रिल

अर्लीनची मुलगी रेनिटा आली. बस चालवते. युनिफॉर्ममध्येच पायरीवर उभी राहून बोलली, आत आली नाही.

"मावशी, मी आईला हॉस्पिटलात नेतेय."

"आकडा चौऱ्याण्णव आहे."

"ती बोलताना मध्येच थांबते. वाक्य पुरं करता येत नाही तिला."

"तिने आयुष्यात कधी वाक्य पुरं केलं?"

"मी हसायला आलेली नाही."

"मीही हसत नाहीये. टॉलिव्हरांना दोनदा परत पाठवलं. चौऱ्याण्णव घेऊन गेलीस तर तुलाही पाठवतील. तोवर सहा तास त्या खोलीत बसायचं, चाळीस आजाऱ्यांमध्ये. आकडा खाली आला की मी स्वतः गाडी काढीन."

"आणि आकडा खाली आलाच नाही तर?"

"तर ती बरी आहे."

रेनिटा एक पायरी उतरली. मग म्हणाली, "तू शाळेतही अशीच होतीस. मला श्वास लागायचा, दमा होता, आणि तू म्हणायचीस नाडी मोजून दाखव." आणि कामावर गेली.

इथे खरं लिहिते, कारण हे पान कोणी वाचणार नाही. मला हॉस्पिटलची भीती वाटते. या महिन्यात आमच्या चर्चची सहा माणसं आत गेली, क्लीऑन सोडला तर एकही बाहेर आलेला नाही. आकडा चौऱ्याण्णव राहतो तोवर अर्लीन माझ्या घरात आहे.

शुक्रवार, १७ एप्रिल

संध्याकाळी सहाला ९३.

हात गार होता. चोळून गरम केला. पुन्हा ९३. मधलं बोट ९३. डाव्या हाताची अनामिका, बराच वेळ ठेवल्यावर, ९४. मी ९४ लिहिले. पत्रकात बोट कोणतं ते सांगितलेलं नाही. सर्वांत चांगलं वाचन घ्यावं, हा प्रयोगशाळेतला संकेत आहे, निदान आमच्या वेळी होता.

अर्लीन उशांना टेकून बसलेली. आडवं होता येत नाही. म्हणाली, "आई असती तर... तोंड उघडायला लावलं असतं."

आई गावात बाळंतपणं करायची. आजारी माणसाचा खालचा ओठ उलटा करून हिरड्या बघायची, पापणी ओढून आतला रंग बघायची. काळ्या कातडीवर आजार दिसत नाही, आत बघावा लागतो, म्हणायची.

"आईकडे यंत्र नव्हतं," मी म्हटलं.

"आईला... लागत नव्हतं."

तिच्या समाधानासाठी ओठ उलटून पाहिला. हिरड्या राखाडी दिसल्या. तिच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमध्ये सगळंच तसं दिसतं.

शनिवार, १८ एप्रिल

सकाळी ९४, तीच अनामिका. दुपारी तीन वाजता वरून पाइपवर चमच्याचे ठोके. दोन ठोके म्हणजे कॉफी झाली, तीन म्हणजे वर ये, असं आमचं वीस वर्षांचं ठरलेलं. आज ठोके थांबेनात.

मी वर पोचेपर्यंत रेनिटाने फोनवर आईचा आवाज ऐकून ॲम्ब्युलन्स बोलावली होती. दोघे आले, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. एकाने स्वतःचं यंत्र लावलं. ९३. मी नोंदवही पुढे केली.

त्याने पानं उलटली. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मॅडम, हॉस्पिटलातही एवढं नीट लिहीत नाहीत." मग जोडीदाराला म्हणाला, "अठरा दिवस, रोज दोन वेळा. एकदाही चौऱ्याण्णवच्या खाली नाही. आज एक इकडेतिकडे."

अर्लीन म्हणाली, "मला... न्या."

"आजी, घाबरल्यामुळे दम लागतो. हळू श्वास घ्या. नाकाने. तिथे नेलं तर कॉरिडॉरमध्ये पडून राहाल. आकडा उतरला तर लगेच बोलवा." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या यंत्राने आणि माझ्या वहीने एकच सांगितलं, तो काय करणार?

ते गेले. त्याने वहीचं कौतुक केलं तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

अर्लीनने मान वळवली. संध्याकाळी सूप घेतलं नाही. मी ताटलीपाशी आईची प्रार्थना सुरू केली. तिने आमच्या सर्वांत मोठ्या भावाचं नाव घेतलं आणि तिथेच थांबली. पहिल्याच ओळीत. मी पुढचं म्हणून टाकलं.

रविवार, १९ एप्रिल

सकाळी सात वाजता रेनिटाने मला न विचारता आईला उचलून गाडीत घातलं. मी दारात नोंदवही घेऊन उभी होते. म्हटलं, ही ने, दाखवायला लागेल.

"ती वही माझ्या गाडीत येणार नाही," ती म्हणाली.

अर्लीनला आत घेतलं. सोबत कोणालाही जाऊ दिलं नाही.

सोमवार, २० एप्रिल

हॉस्पिटलातून फोन. रोस्को ग्रिग्ज. श्वासाची यंत्रं बघणारा तंत्रज्ञ आहे. पंचेचाळिशीचा असेल. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा.

"मिस पेटीफर्ड, मी पाहिलं, कागदावर बहीण म्हणून नाव तुमचंच. अर्लीनबाईंना व्हेंटिलेटरवर घेतलंय."

आकडा विचारला.

"बोटावर ब्याण्णव होते. रक्तात एकोणऐंशी."

"कुठलं तरी एक चुकलं असणार."

"बोटावरचं चुकतं, मॅडम. गडद कातडी असली की पुष्कळदा जास्त दाखवतं. प्रकाश आरपार जातो त्यावर चालतं ते. बनवताना बहुतेक गोऱ्या बोटांवर तपासतात."

मी त्याला म्हटलं, वाक्य पुन्हा सांग. त्याने सांगितलं.

"तुला हे केव्हापासून माहीत आहे?"

"शिकत होतो तेव्हापासून. वीस-बावीस वर्षं झाली. छापून आलेलं आहे."

"आणि तू कोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगायचं? आम्ही आकडा बघतो, मग माणूस बघतो. शंका आली तर रक्त काढतो. घरी यंत्रं वाटली हे मला कुठे माहीत." मग विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचे आकडे होते?"

मी फोन ठेवला.

वरून अर्लीनचं सात नंबरचं यंत्र आणून माझ्या बोटाला लावलं. ९८. काढलं, पुन्हा लावलं. ९८. मला आता माहीत नाही मला किती आहे.

गुरुवार, २३ एप्रिल

अर्लीन काल सकाळी सव्वानऊ वाजता वारली. रेनिटाला खिडकीतून बघू दिलं.

माझी नऊची फोनची फेरी चालू होती. चर्चमधल्या ब्रदर इझेलचे ९५ मी उतरवत होते तेव्हा दुसऱ्या फोनची घंटा वाजत होती. आधी ९५ पूर्ण लिहिले, मग उचलला.

आज अकराही घरांना फोन केला. आकडे सांगू नका म्हटलं. त्याऐवजी जेवणाची प्रार्थना, तुमच्या घरची जी असेल ती, मला फोनवर एका दमात म्हणून दाखवा. थांबलात तर किती शब्दांवर थांबलात ते मी लिहीन. उद्या आजच्यापेक्षा लवकर थांबलात तर हॉस्पिटलात जायचं, यंत्र काहीही म्हणो. आणि घरातल्या कोणालातरी ओठाची आतली बाजू बघायला सांगा.

डीकनच्या पत्नी, सिस्टर टॉलिव्हर म्हणाल्या, "मिस पेटीफर्ड, हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही हसाल."

मी हसले असते.

ब्रदर इझेल चार शब्दांवर थांबले. काल ९५ होते. त्यांना आमच्या नर्स मंडळातली एकजण गाडीतून घेऊन गेली. दारात अडवलं. तिने पांढऱ्या कपड्यांतच सांगितलं, रक्त काढल्याशिवाय मी हलणार नाही. रक्तात ८२ निघाले.

रेनिटाने फोन उचलला नाही. दोनदा केला.

रविवार, २६ एप्रिल

काल क्लिनिकचं पत्र आलं. माझ्या नोंदी आदर्श आहेत, अहवालासाठी हव्या आहेत, आभार. डॉ. हॅल्व्हर्सनना ग्रिग्जने सांगितलेलं कळवलं. म्हणाले, हो, असं काहीसं वाचल्यासारखं आठवतं. पत्रकात घालायचं राहिलं.

दिलेल्या वस्तू:

क्लिनिकला. ऑक्सिमीटर अकरा. पत्रकं अकरा, प्रत्येकावर ग्रिग्जने सांगितलेली गोष्ट मी शाईने लिहिली आहे. मोठी नोंदवही एक. तीत सतरा एप्रिलच्या संध्याकाळचे ९४ खोडून ९३ केले आहेत, बाजूला माझी सही. खोडाखोड आयुष्यात कधी केली नव्हती.

अंत्यविधीवाल्यांना. पिवळा झगा एक. नारिंगी नेलपॉलिशची बाटली एक. दहाही नखांना लावावी असं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, पेटी उघडी राहणार नाही, मग कशाला? मी म्हटलं, लावा.

रेनिटाला. ती सहा वाजता आईचं सामान न्यायला येणार आहे. आत येणार नाही असं सांगितलं आहे, म्हणून खोकं पायरीवर ठेवते आहे.
पाइपवर वाजवायचा चमचा एक.
आईची नऊ ओळींची प्रार्थना, माझ्या अक्षरात.
यंत्र नंबर सात, बॅटरी काढून.
ही वही. सतरा तारखेच्या पानाचा कोपरा दुमडला आहे.

देणार: ओडेसा पेटीफर्ड.
घेणार: